स्कोअर-बुकात नसलेला खेळाडू

(संस्थेच्या वार्षिक बक्षीस समारंभात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. स्मरणिकेच्या वाचकांसाठी लिहून काढताना एक-दोन ठिकाणी थोडा विस्तार केला आहे.)





बक्षीस समारंभात बोलावयास उभे राहणाऱ्या माणसाचे काम सोपे असते. ज्यांना ढाली आणि प्रशस्तिपत्रे मिळाली त्यांचे कौतुक करावे, ज्यांना मिळाली नाहीत त्यांना पुढल्या वर्षी जोमाने प्रयत्न करावयास सांगावे, संस्थेच्या चालकांना धन्यवाद द्यावेत आणि खाली बसावे. यातले पहिले काम मी मनापासून करतो. ज्या मुलामुलींनी आज बक्षिसे घेतली त्यांचे अभिनंदन. दुसरे काम मात्र माझ्याने होत नाही. ज्यांना बक्षीस मिळत नाही ते सगळेच कमी पडलेले असतात असे नाही. काहींच्या बाबतीत कमी पडलेले असतो ते आपण, बक्षीस देणारे. अशाच एका खेळाडूविषयी मी सांगणार आहे आणि त्यात माझ्या हातून झालेली चूकही सांगणार आहे.

खेळ बास्केटबॉलचा. हा खेळ अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी डिसेंबर 1891 मध्ये जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकाने काढला. हिवाळ्यात मुलांना छपराखाली खेळता यावे म्हणून त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या भिंतीला ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. पहिल्या सामन्यात एका बाजूस नऊ असे अठरा जण खेळले आणि सबंध सामन्यात एकच बास्केट झाली. ती करणाऱ्या विल्यम चेसचे नाव आजही पुस्तकांत सापडते. उरलेल्या सतरांची आठवण सहसा कोणी काढीत नाही. पण तो चेंडू चेसच्या हाती आपोआप आला नसेल. कोणीतरी तो अडविला असेल, कोणीतरी दिला असेल, कोणीतरी समोरच्याला रोखून धरले असेल. म्हणजे मी जी तक्रार आज मांडणार आहे ती या खेळाच्या पहिल्या दिवसापासूनची आहे.

माझा या खेळाशी संबंध खेळाडू म्हणून थोडा आणि स्कोअर लिहिणारा म्हणून अधिक. उंची बेताची आणि दम त्याहून कमी, म्हणून आमच्या सरांनी मला मैदानातून उचलून टेबलापाशी बसविले. अक्षर बरे होते. पुढे कॉलेज संपल्यावरही काही वर्षे हे काम माझ्याकडेच राहिले.

स्कोअरच्या कागदावर काय काय लिहितात हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले नसेल, म्हणून सांगतो. एका बाजूला खेळाडूंची नावे आणि नंबर. खेळाडू मैदानात उतरला की त्याच्या नावापुढे एक फुली मारायची. त्याने फाऊल केला की शेजारच्या चौकटीत नोंद करायची. अशा पाच चौकटी असतात, पाचही भरल्या की तो बाहेर. दुसऱ्या बाजूला गुणांचे आकडे चढत्या क्रमाने छापलेले असतात. ज्याने बास्केट केली त्याचा नंबर त्या आकड्यापाशी लिहायचा. टाइम-आऊटसाठी काही चौकटी. संपले. तेव्हाही हेच होते आणि अधिकृत कागद आजही मुख्यतः असाच आहे.

आता विचार करा. ज्याने बास्केट केली नाही अशा खेळाडूची या कागदावर कोणती खूण उरते? एक फुली आणि त्याचे फाऊल. त्याने केलेले चांगले काम लिहावयास जागा नाही, त्याच्या चुका लिहावयास मात्र पाच चौकटी आहेत!

ही गोष्ट 1982 च्या आधीची आहे. त्या साली 26 ऑगस्टला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तोपर्यंत चिमूर-ब्रह्मपुरीपासून खाली सिरोंच्यापर्यंत सगळा एकच जिल्हा होता आणि जुनी माणसे त्याला चांदाच म्हणत. गोंडवाना विद्यापीठ 2011 चे. त्या वेळी आमची कॉलेजे नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना नागपूरकरांशी गाठ पडे. त्यांच्याकडे खेळाडू पुष्कळ आणि मैदाने चांगली. आमचे मैदान मुरमाचे. सकाळी पाणी मारून, चुन्याच्या रेषा ओढून सामना करायचा आणि दुपारपर्यंत रेषा पुसून जायच्या.

आमच्या संघात एक मुलगा होता. त्याचे नाव मी घेत नाही. आपले नाव छापून आलेले त्याला तेव्हाही रुचले नसते आणि आता विचारावे तर त्याचा ठावठिकाणा माझ्याकडे नाही. तो आलापल्लीकडचा. वडील लाकडाच्या डेपोत कामाला. येथे पठाणपुरा दरवाज्याच्या आत नातेवाइकांकडे राहून शिकत होता. पावसाळ्यात नाले भरले की त्याची एस. टी. वाटेत अडके, आणि तो दुसऱ्या दिवशी चिखलाने भरलेल्या पायांनी थेट मैदानावर येई. उंची फार नव्हती. नेमबाजी तर अगदी सामान्य. बास्केटखाली मोकळा उभा असला तरी तो चेंडू दुसऱ्याला देई, कारण आपल्यापेक्षा तो बरा मारतो हे त्याला ठाऊक होते.

मग तो करीत काय होता? समोरच्या संघाचा जो सर्वांत चांगला नेमबाज, त्याच्यामागे तो सावलीसारखा राही. त्या माणसाने चेंडू मारला की अडवायचे ही सगळ्यांची रीत. याची रीत अशी, की त्या माणसाकडे चेंडू पोहोचूच द्यायचा नाही. चेंडू रिंगवर आदळून वर उडाला की बाकीचे चेंडूकडे पाहून उड्या मारीत. हा आधी प्रतिस्पर्ध्याला पाठ लावून रिंगपासून दूर ठेवी, आणि मग चेंडू आमच्याच कोणाच्या तरी हातात पडे. आमचा मुख्य नेमबाज धावत यायचा तेव्हा हा त्याच्या वाटेत भिंतीसारखा स्थिर उभा राही. नेमबाज त्याच्या खांद्याला घासून पुढे जाई, पाठलाग करणारा मात्र याच्यावर आदळे. त्या धडकेत छातीला मार बसे तो याच्या, आणि बास्केट लिहिली जाई दुसऱ्याच्या नावावर. शिवाय तो मैदानात सतत बोलत असे. मागे कोण आला, कोण मोकळा सुटला, हे तो ओरडून सांगे. सामना संपेपर्यंत त्याचा आवाज बसलेला असे.

एका वर्षी आम्ही नागपूरच्या एका नामांकित संघाला दोन गुणांनी हरविले. त्यांचा एक उंच खेळाडू होता, जो एकेका सामन्यात वीस-वीस गुण करी. आमच्याविरुद्ध त्याचे सहा झाले. ते सहा मी माझ्या हाताने लिहिले. ते सहाच का झाले हे लिहिण्यास कागदावर जागा नव्हती आणि मला ते सुचलेही नाही. आमच्या मुलाच्या नावापुढे एक फुली होती, चार फाऊल होते आणि गुण शून्य.

वर्षअखेरीस बक्षिसांची यादी करावयाची होती. सरांनी मला स्कोअरचे कागद घेऊन बोलावले. मी गुणांच्या बेरजा केल्या, त्या क्रमाने नावे लिहिली आणि त्या क्रमाने प्रशस्तिपत्रे दिली गेली. त्या मुलाचे नाव सर्वांत खाली होते. बेरजेत चूक नव्हती. चूक होती ती बेरीज म्हणजेच खेळ असे समजण्याची, आणि ती माझी होती.

पुढच्या वर्षी तो कॉलेजात आला नाही. काही महिन्यांनी बाजारात भेटला. एका आरागिरणीत कामाला लागला होता. मी विचारले, खेळ का सोडलास, निदान परीक्षा तरी द्यायचीस. तो हसून म्हणाला, "सर, अब्बाने पूछा, दो साल खेला तो क्या मिला? क्या दिखाता? कॉपी में तो मेरे फाऊलच हैं ना."

मी त्याच्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा, तरी तो मला सर म्हणे. त्या दिवशी ते संबोधन मला टोचले.

वाचकहो, एका प्रशस्तिपत्राने त्याच्या घरची ओढाताण मिटली असती असे मी म्हणत नाही. मागे लहान भावंडे होती आणि पगार एक होता. पण बापाने विचारलेल्या प्रश्नाला मुलाकडे उत्तर नव्हते, आणि ते उत्तर आमच्याजवळ असून आम्ही ते त्याला लिहून दिले नाही, एवढे खरे. आपल्या भागात शिक्षण सोडणाऱ्या मुलाच्या बाबतीत पुष्कळदा असेच होते. शेवटचा धक्का गरिबीचा असतो, पण त्याआधी "तुझ्यावाचून येथे काही अडत नाही" हे कोणीतरी त्याला न बोलता सांगून ठेवलेले असते.

त्याच्यावाचून अडले की नाही ते पुढच्या मोसमात दिसले. आमचा नेमबाज तोच, बाकीचे खेळाडू तेच. पण वाटेत भिंतीसारखे उभे राहणारे कोणी नसल्यामुळे नेमबाजाला मोकळा नेम मिळेना. त्याचेही गुण घटले आणि आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. तेव्हा मला उमगले, की आदल्या वर्षी ज्या बास्केट मी एका नंबरावर लिहिल्या त्यांपैकी कितीतरी दोघांच्या होत्या.

ही केवळ आमच्या मुरमाच्या मैदानावरची गोष्ट नव्हे. आपल्या समाजातील मुलांना गुलाम अब्बास मुन्तसिर हे नाव ठाऊक असावे. मुंबईच्या नागपाड्याचा हा खेळाडू भारताच्या बास्केटबॉल संघाचा कर्णधार झाला आणि 1970 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्याच वस्तीत अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाडा नेबरहुड हाऊस ही संस्था सुरू केली होती. पुढे 1936 साली टाटांची समाजकार्याची शाळा निघाली तिचे पहिले संचालकही तेच. दाटीवाटीच्या त्या मोहल्ल्यात हा खेळ रुजला आणि तेथून चांगले खेळाडू निघत राहिले. आता एवढाच विचार करा, की मुन्तसिर यांच्यासारखा खेळाडू तयार व्हावयाचा तर रोज संध्याकाळी त्याला अडवावयास कोणीतरी उभे राहिलेच पाहिजे. अर्जुन पुरस्कार एकालाच मिळतो, आणि तो योग्यच मिळाला. पण त्याला रोज अडविणारे जे कोणी असतील, त्यांच्यावाचून तो खेळ तेवढा धारदार झाला नसता.

ज्या देशात हा खेळ जन्मला तेथेही ही जाणीव हळूहळूच आली. बोस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक रेड ऑरबाख यांनी 1950 नंतरच्या दशकात फ्रँक रॅम्झी या चांगल्या खेळाडूला मुद्दाम पहिल्या पाचांत न घेता बाकावर बसविण्याची पद्धत पाडली. पहिले पाच दमले की ताज्या दमाने तो उतरे आणि सामन्याचा रंग पालटे. या सहाव्या माणसाने त्या संघाबरोबर सात अजिंक्यपदे मिळविली. पुढे 1982-83 च्या मोसमापासून तेथे उत्कृष्ट सहाव्या खेळाडूसाठी वेगळे बक्षीसच सुरू झाले.

अलीकडचे उदाहरण शेन बॅटिए याचे. ह्यूस्टनच्या संघात असताना त्याचे गुण थोडे, उड्या थोड्या, कागदावर पाहाल तर सामान्य खेळाडू. पण संघाच्या चालकांनी निराळाच हिशेब मांडला. तो मैदानात असताना आपण किती गुण केले आणि समोरच्यांनी किती केले, यातील फरक काढला. तो मैदानात असला की संघ सुधारत असे. मोठमोठ्या नेमबाजांना तो त्यांच्या नावडत्या जागेवरून नेम मारावयास भाग पाडी. मायकेल लुइस या लेखकाने 2009 साली त्याच्यावर एक मोठा लेख लिहिला, तेव्हा जगाला हे कळले. वजा-अधिकचा तो हिशेब आता आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या आकडेवारीतही छापला जातो. आमच्या आलापल्लीच्या मुलाचा असा हिशेब मांडावयास संगणक लागला नसता. एक पेन्सिल आणि थोडे लक्ष पुरले असते.

आपल्याला तर ही गोष्ट शिकावयास अमेरिकेपर्यंत जाण्याचेही कारण नाही. उहुदची लढाई आपण लहानपणापासून ऐकत आलो. हिजरी सन 3, म्हणजे इसवी सन 625. हजरत मुहम्मद पैगंबर (स. अ. स.) यांनी पन्नास तिरंदाजांना एका टेकडीवर उभे केले आणि ताकीद दिली, की आमचा जय होवो की पराजय, तुम्ही जागा सोडू नका. लढाई जिंकल्यासारखी दिसू लागली. खाली लूट गोळा होत आहे हे पाहून बहुतेक तिरंदाज टेकडी उतरले. त्या मोकळ्या जागेतून शत्रूचे घोडेस्वार मागून आले आणि जिंकत आलेली लढाई उलटली. त्या तिरंदाजांचे नायक हजरत अब्दुल्लाह इब्न जुबैर मात्र थोड्या सोबत्यांसह जागेवरच राहिले आणि तेथेच शहीद झाले. उहुदचे नाव घेतले की आपल्याला कितीतरी मोठी नावे आठवतात. टेकडीवर थांबलेल्या या माणसाचे नाव किती मुलांना येते? ज्याला जागा राखण्याचे काम दिले आहे त्याचे काम दिसत नाही. त्याने जागा सोडली म्हणजेच ते दिसते.

नमाजच्या सफेचेही तसेच आहे. खांद्याला खांदा लावून ओळ उभी राहते. मधली जागा मोकळी दिसली तर मागचा माणूस पुढे येऊन ती भरतो. त्याचे कोणी नाव पुकारीत नाही, पण त्याच्यावाचून सफ पुरी होत नाही.

मग असे लोक विस्मृतीत जाऊ नयेत यासाठी काय लागते? माझ्या मते एकच गोष्ट लागते. सोबतच्या कोणीतरी ते लिहून ठेवावे लागते. सावित्रीबाई फुले आजारपणामुळे नायगावला माहेरी असताना त्यांनी 10 ऑक्टोबर 1856 रोजी जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्या पाठीमागे फातिमेला कामाचा त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा त्यात उल्लेख आहे. फातिमा शेख यांच्याविषयी आज आपण जे आदराने बोलतो त्याला त्या काळातील जो थोडा लेखी आधार आहे, त्यात ही ओळ फार मोलाची. सोबतिणीने सहज लिहिलेल्या एका ओळीने एवढे काम केले.

म्हणून संस्थेच्या चालकांना आणि क्रीडाशिक्षकांना माझी एक नम्र सूचना आहे. तिला खर्च फारसा नाही. स्कोअरच्या कागदाशेजारी एक साधी वही ठेवा. सामन्याला बसलेल्या दोन विद्यार्थ्यांना ती भरावयास द्या. चार रकाने पुरेत. पहिला, कोणाच्या पासवरून बास्केट झाली. दुसरा, समोरच्या मुख्य नेमबाजाला कोणी अडविले आणि त्या वेळात त्याचे गुण किती झाले. तिसरा, सुटलेला चेंडू कोणी मिळविला. चौथा, दुसऱ्याला वाट मोकळी करून देण्यासाठी कोण उभा राहिला. मुलींच्या संघासाठीही अशीच वही ठेवा. मुलींच्या खेळाकडे आधीच लक्ष थोडे, मग त्यांतल्या बास्केट न करणाऱ्या मुलीकडे कोण पाहणार? वर्षअखेरीस या वहीवरून एक बक्षीस द्या. ढाल लहान असली तरी चालेल. प्रशस्तिपत्रावर मात्र "सहभागाबद्दल" असे मोघम लिहू नका. त्याने काय केले ते एका वाक्यात स्वच्छ लिहा, म्हणजे घरी बापाने विचारले तर मुलाला वाचून दाखविता येईल.

काही जण म्हणतील, अशाने जो तो बक्षीस मागू लागेल. मला ती भीती वाटत नाही. मी सर्वांना बक्षीस द्या असे म्हणत नाही. ज्याने काम केले त्याचे काम पाहा, एवढेच म्हणतो. रकाना रिकामा राहिला तर रिकामा राहू द्या. आणि जो मोठा नेमबाज आहे त्याचा मान यात तसूभरही कमी होत नाही. उलट, आपली बास्केट कोणाच्या खांद्यावरून झाली हे ज्या नेमबाजाला ठाऊक असते तो अधिक चांगला खेळतो.

ही वही मैदानापुरती राहू नये, असेही मला वाटते. सर्वांत कच्च्या मुलांचा वर्ग वर्षानुवर्षे घेणारे शिक्षक, वसतिगृहात आजारी मुलापाशी रात्र जागणारा शिपाई, तेंदूपाने तोडून आणि त्यांचे मुडे बांधून आलेल्या पैशातून फी भरणारी आई. निकालाच्या टक्केवारीत यांची नावे कोठेही येत नाहीत. पण ती टक्केवारी यांच्यावाचून येत नाही.

माझ्या हातून लिहिलेल्या त्या सामन्याचा कागद आता उरलेला नाही. चंद्रपूरची वाळवी आणि पावसाळे यांनी तो केव्हाच नेला असेल. म्हणून तेव्हा राहून गेलेली नोंद मी उशिरा का होईना, या स्मरणिकेत करून ठेवतो. नागपूरच्या संघाचा जो खेळाडू वीस गुण करी त्याला आलापल्लीच्या एका मुलाने त्या दिवशी सहांवर रोखले. आमचा विजय दोन गुणांचा होता. तो विजय त्याचा होता.

कोणाच्या पाहण्यात तो असेल, तर हे पान त्याला किंवा त्याच्या नातवंडांना अवश्य वाचून दाखवा.